पडद्यालगतचा थर

कोंढा हे पवनी तालुक्यातले धानाचे गाव. मृगाच्या आसपास पऱ्हे टाकायची वेळ आली की कृषी विभागाची एक जुनी शिफारस पुन्हा सांगितली जाते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बियाणे ओता आणि ढवळा. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. वरचे काढून टाकायचे, तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि मग पेरायचे.

यातली निवड होते ती घनतेवर. धुण्याचे कारण मात्र निराळे आहे. ३ टक्के मिठाच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २५ वातावरण भरतो. समुद्राच्या पाण्याचा भरतो सुमारे २७. म्हणजे समुद्रापासून इतक्या दूरच्या या गावात बियाण्याच्या टोपात जे पाणी असते, ते जवळजवळ समुद्राचेच. हा दाब पाण्याच्या उंचीत मांडला तर अडीचशे मीटरचा स्तंभ होतो. दाण्यावर मिठाचा लेप राहिला आणि तो तसाच वाफ्यात गेला, तर कोंबाला लागणारे पाणी हा लेपच अडवून धरतो. म्हणून धुवायचे.

एका बाजूला दाट द्रावण, दुसऱ्या बाजूला पातळ, मध्ये पडदा. अशा वेळी पलीकडे काय जाते, किती वेगाने जाते आणि हा वेग कोण ठरवते? शाळेत शिकवले जाणारे उत्तर असे की पडद्याची छिद्रे आणि दोन्ही बाजूंच्या संहतीतला फरक. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. गेल्या दीडशे वर्षांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि मृदाशास्त्र या चारही वाटांनी आलेले लोक एकाच ठिकाणी पोहोचले आहेत. पुष्कळदा वेग ठरवतो तो पडद्याला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर. मिलिमीटरभर, कधी त्याच्याही विसाव्या भागाइतका. तो स्थिर राहतो की उलथापालथ होऊन वाहून जातो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. या थराबद्दल आज काय ठाऊक आहे आणि आपल्या भागातल्या शेताशी, आजाराशी, पिण्याच्या पाण्याशी त्याचा काय संबंध लागतो, ते इथे पाहायचे आहे.

या प्रश्नाचा इतिहास डुकराच्या मूत्राशयापासून सुरू होतो. १७४८ साली फ्रान्समध्ये नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या बाटलीचे तोंड मूत्राशयाच्या कातडीने बांधले आणि बाटली पाण्यात बुडवली. पाणी आत शिरून कातडी फुटेपर्यंत फुगली. पुढे १८२० च्या दशकात द्युत्रोशे यांनी वनस्पती आणि प्राण्यांच्या ऊतींमध्ये हीच क्रिया चालते हे दाखवले. १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी चर्मपत्री कागदातून मीठ-साखर पलीकडे जाते आणि डिंकासारखे पदार्थ मागे राहतात, हे वापरून दोन्ही वेगळे करण्याची रीत काढली. तिला त्यांनी डायलिसिस हे नाव दिले. १८७७ मध्ये फेफर यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत तांब्याच्या फेरोसायनाइडचा पापुद्रा बसवला आणि १ टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५३ सेंटिमीटर स्तंभाइतका येतो हे मोजले. त्या मोजमापांवरून व्हान्ट हॉफ यांनी परासरण दाबाचा नियम मांडला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले.

फेफर आणि व्हान्ट हॉफ यांनी पाहिला तो शेवटचा तोल, म्हणजे सारे थांबल्यावर उरणारा दाब. तोलापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हा प्रश्न त्याहून अवघड होता. त्याला पहिले नीट उत्तर दिले अॅडॉल्फ फिक या तरुण शरीरशास्त्रज्ञाने, १८५५ मध्ये. द्रावणातला पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे जातो आणि त्याचा ओघ संहतीच्या उताराच्या प्रमाणात असतो, हा त्यांचा नियम आज अकरावीच्या मुलालाही येतो. त्यांच्या प्रयोगाची मांडणी मात्र सहसा कोणी सांगत नाही. फिक यांनी संपृक्त मिठाचे द्रावण खाली ठेवले होते आणि गोडे पाणी वर. जड द्रव खाली आणि हलका वर असल्यामुळे नळीतले पाणी हलले नाही आणि मीठ फक्त विसरणाने वर चढले. हीच नळी उलटी धरली असती तर जड पाणी धारेने खाली कोसळले असते, काही क्षणांत सारे मिसळले असते आणि नियम हाती लागला नसता. विसरणाचा मूळ नियम गुरुत्वाकर्षणाला गप्प बसवून मिळवलेला आहे, हे लक्षात ठेवले की पुढचा घोळ टळतो.

विसरण किती मंद असते याची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. स्थिर पाण्यात मिठाला १ मिलिमीटर अंतर कापायला साधारण पाच-सहा मिनिटे लागतात. १ सेंटिमीटरला नऊ तास, १० सेंटिमीटरला पाच आठवड्यांहून अधिक आणि १ मीटरला सुमारे दहा वर्षे. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. उलट पेशीएवढ्या, म्हणजे १० मायक्रॉन अंतराला सेकंदाचा तिसावा भागही पुरतो. जीवसृष्टीचे एकक इतके लहान का, याचे एक मोठे कारण इथे आहे. पेशीच्या आत विसरणावर भागते. पेशीच्या बाहेर, शरीराच्या मापाला, रक्त फिरवावे लागते.

आता पडद्याकडे वळू. खारे पाणी एका बाजूला, गोडे दुसऱ्या बाजूला. मीठ पडद्यातून पलीकडे जाऊ लागले की खाऱ्या बाजूला पडद्याजवळ मिठाची तूट पडते आणि गोड्या बाजूला पडद्याजवळ मीठ साचते. पाणी उलट दिशेने येते आणि तेही खाऱ्या बाजूचा लगतचा थर पातळ करते. थोड्याच वेळात पडद्याच्या दोन पृष्ठभागांवरचा फरक भांड्यांतल्या फरकापेक्षा बराच कमी होतो. पडद्याला भांड्यातले पाणी दिसतच नाही, त्याला दिसते ते लगतचे. अर्धा मिलिमीटर स्थिर पाणी सेलोफेनच्या पापुद्र्याइतका अडथळा सहज करू शकते. म्हणून पडदा अधिक पातळ, अधिक सच्छिद्र केला तरी एका मर्यादेपलीकडे ओघ वाढत नाही. अडसर पडद्यात उरलेलाच नसतो.

१९०४ हे साल इथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नेर्न्स्ट यांनी विरघळणाऱ्या घन पदार्थाच्या पृष्ठभागाशी एक स्थिर थर असतो आणि विरघळण्याचा वेग त्यातल्या विसरणाने ठरतो अशी मांडणी केली. त्याच वर्षी प्रान्टल यांनी वाहत्या द्रवाचा भिंतीशी मंदावलेला थर गणितात बसवला. एक रसायनाकडून आला, दुसरा प्रवाहशास्त्राकडून. दोन्ही कल्पना जुळायला काही दशके गेली. नेर्न्स्ट यांच्या चित्रातला थर सरळ रेषेत तुटणारा होता, जणू एका अंतरापर्यंत पाणी गोठलेले आणि पुढे पूर्ण ढवळलेले. प्रत्यक्षात अशी सीमारेषा नसते. भिंतीपासून दूर जावे तसतशी हालचाल हळूहळू वाढते. थराची जाडी म्हणून जो आकडा दिला जातो तो सोयीचा सरासरी आकडा असतो. गंमत म्हणजे एकाच पडद्यालगतच्या थराची जाडी दोन रीतींनी काढली तर दोन उत्तरे येऊ शकतात, आणि जुन्या संशोधनातले बरेच वाद यातूनच निघाले.

मला या विषयातला सर्वांत समृद्ध भाग वाटतो तो गुरुत्वाकर्षणाचा. पडदा आडवा ठेवा. आता दोनच शक्यता आहेत: खारे पाणी खाली किंवा खारे पाणी वर.

खारे खाली असेल तर पडद्याच्या वरच्या बाजूला, गोड्या पाण्यात, मीठ साचलेला जड थर तळाशी बसतो. पडद्याच्या खालच्या बाजूला मीठ कमी झालेला हलका थर माथ्याशी राहतो. दोन्हीकडे जड खाली, हलके वर. कुठेच अस्वस्थता नाही. थर वाढत जातात, जाड होत जातात आणि ओघ हळूहळू मंदावतो.

खारे वर असेल तर सारे उलटते. वरच्या भांड्यात पडद्याशी जो हलका थर तयार होतो तो जड पाण्याच्या खाली अडकलेला असतो. तो वर उसळायला बघतो. खालच्या भांड्यात पडद्याशी साचलेला जड थर हलक्या पाण्यावर लटकलेला असतो. तो खाली कोसळायला बघतो. काही काळ द्रवाचा चिकटपणा आणि विसरण त्याला थोपवून धरतात. थर एका ठराविक जाडीपलीकडे गेला की थोपवणे जमत नाही. मग वर बारीक झोत उठतात, खाली बोटांसारख्या धारा सुटतात आणि पडद्यालगतचे पाणी सतत बदलत राहते. हेच अभिसरण. बाहेरून कोणी ढवळत नाही, पाणी स्वतःलाच ढवळते.

ही मर्यादा कुठे येते, याचा हिशेब लॉर्ड रेले यांनी १९१६ मध्ये तापलेल्या द्रवासाठी केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्या घनतेतला फरक आणि थराच्या जाडीचा घन यांच्या प्रमाणात वाढते, चिकटपणा आणि विसरण यांनी घटते. ती साधारण हजाराच्या घरात पोहोचली की स्थिरता मोडते. बियाण्याच्या मिठाच्या पाण्याला हा हिशेब लावला तर थर मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका होताच अभिसरण सुरू व्हायला हवे, म्हणजे पंधरा-वीस सेकंदांत. फरक फक्त एकदशांश टक्का असला तरी सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीला, दोनेक मिनिटांत. हे अंदाजाचे आकडे आहेत. पडदा थोडी गळती होऊ देतो, त्यामुळे मर्यादा थोडी सरकते. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. खारे वर असलेल्या मांडणीत स्थिर थराचे आयुष्य मिनिटांचे, आणि खारे खाली असलेल्या मांडणीत तासांचे.

पडद्यांच्या अभ्यासात या गोष्टीकडे गांभीर्याने पाहायला बराच उशीर झाला. श्लेंझाक, द्वोरेत्स्की आणि अँडरसन यांनी १९८५ मध्ये पडद्यातून जाणाऱ्या ओघावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम कसा होतो यावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यानंतर पोलंडमधील संशोधकांनी हा विषय लावून धरला. लेसर किरणांच्या व्यतिकरणाने त्यांनी पडद्यालगतचे थर प्रत्यक्ष पाहिले. संहती बदलली की प्रकाशाच्या पट्ट्या वाकतात आणि त्या वाकण्यावरून थराची जाडी क्षणोक्षणी मोजता येते. मद्यार्काचे द्रावण घेतले की चित्र उलटे होते हेही या कामातून ठसले, कारण मद्यार्क मिसळलेले पाणी हलके असते. साखर आणि मद्यार्क दोन्ही घातले तर एक पदार्थ स्थिरता वाढवतो, दुसरा मोडतो आणि दोघांचे विसरणाचे वेग निराळे असल्यामुळे अनपेक्षित वळणे येतात. या मिश्र द्रावणांचा हिशेब अजून पूर्ण सुटलेला नाही. शेतातले, शरीरातले, कारखान्यातले प्रत्येक द्रावण मात्र मिश्रच असते.

शरीरशास्त्रात या थराने बराच काळ गोंधळ माजवला. १९५८ मध्ये केडेम आणि काचाल्स्की यांनी पाणी आणि विरघळलेला पदार्थ यांचे ओघ एकमेकांना कसे ओढतात याची समीकरणे दिली. ती सुंदर होती, पण त्यांत घालायच्या संहती पडद्याच्या पृष्ठभागावरच्या असायला हव्यात आणि प्रयोगशाळेत मोजल्या जात त्या भांड्यातल्या. त्यामुळे पेशीपटलाच्या पारगम्यतेचे कित्येक आकडे चुकीचे ठरले. मोजले गेले होते ते पटलाबाहेरचे पाणी. आतड्याच्या बाबतीतही हेच झाले. सुरुवातीच्या प्रयोगांत आतड्याच्या अस्तराशी कित्येकशे मायक्रॉनचा स्थिर थर असल्याचे निष्कर्ष निघाले, पुढे नीट मिसळण होत असलेल्या जिवंत आतड्यात तो खूप पातळ आढळला. आतडे स्वतः आकुंचन पावून हा थर सतत मोडत असते. जलसंजीवनीचे पाणी इतक्या लवकर शोषले जाते त्यामागे साखर-मिठाची जोडगोळी आतड्याच्या पेशींतून एकत्र आत जाते हे कारण तर आहेच, पण ते पाणी फार दाट नसणेही तितकेच महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून जे मिश्रण स्वीकारले त्याची एकूण संहती आधीच्या ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणलेली आहे. पुडीला सांगितले आहे तेवढेच पाणी घ्या, असे आशाताई पुन्हापुन्हा बजावतात ते यासाठी. कमी पाण्यात कालवलेली पुडी शरीरातले पाणी उलट आतड्यात खेचू शकते.

भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात या विषयाला आणखी एक गंभीर बाजू आहे, सिकलसेलची. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्व विदर्भात आज हा आजार माहीत नसलेले गाव विरळा. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात शरीर मुद्दाम एक दाट जागा तयार करते. रक्ताची संहती सुमारे ३०० मिलिऑस्मोल असताना तिथे ती १२०० पर्यंत जाते. या दाटपणामुळेच मूत्रातले पाणी परत खेचून घेता येते. ही जागा टिकते कारण तिथल्या रक्तवाहिन्या केसाच्या पिनेसारख्या वळलेल्या असतात आणि रक्त संथ वाहते. भरधाव वाहिले असते तर मीठ धुऊन गेले असते. म्हणजे इथे निसर्गाने अभिसरण मुद्दाम आवरून धरले आहे. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी या दाट, प्राणवायू कमी असलेल्या जागेत शिरली की तिच्यातले पाणी बाहेर जाते, आतल्या हिमोग्लोबिनची संहती वाढते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. या बदलाला लागणारा वेळ हिमोग्लोबिनच्या संहतीवर अत्यंत तीव्रपणे अवलंबून असतो, थोडे पाणी गेले तरी तो कित्येक पटींनी घटतो. बारीक वाहिन्या तुंबतात, दाट जागा उद्ध्वस्त होते आणि मूत्र घट्ट करण्याची मूत्रपिंडाची ताकद लहान वयातच जाते. म्हणून अशा मुलाला वारंवार लघवीला लागते आणि म्हणूनच त्याने भरपूर पाणी प्यायला हवे. वर्गातून बाहेर जाण्याची परवानगी मागणाऱ्या या मुलाला शिक्षकाने अडवू नये, यामागे एवढे शास्त्र आहे.

डायलिसिसचे यंत्र हे स्थिर थराशी चाललेले दुसऱ्या प्रकारचे युद्ध. कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरवले. ते फिरणे शोभेचे नव्हते. त्यानेच नळीच्या बाहेरचे आणि आतले थर मोडत राहिले. आजच्या यंत्रात रक्त बारीक पोकळ तंतूंमधून जाते आणि बाहेरचे द्रावण उलट दिशेने, मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर या वेगाने. चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर शुद्ध पाणी लागते आणि ते बनवायला पुन्हा एक पडदाच लागतो, आरओचा.

आरओ आता गावोगाव आहे. लग्नकार्यात थंड पाण्याच्या कॅन येतात, ग्रामपंचायतीच्या आवारात नाणे टाकून पाणी देणारे यंत्र असते. गोसीखुर्दच्या जलाशयात नाग नदी आणि कन्हानमार्गे नागपूरचे सांडपाणी उतरते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे शुद्ध पाण्याची ओढ समजण्यासारखी आहे. या तंत्राची सुरुवात लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात बनवलेल्या पडद्याने झाली आणि १९६५ मध्ये तिथल्याच कोअलिंगा गावाला त्याचे पाणी मिळू लागले.

आरओमध्ये दाब देऊन पाणी उलट्या दिशेने ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते, क्षार पडद्याशी साचतात. दर चौरस मीटरमधून ताशी ३० लिटर पाणी जात असेल आणि लगतचा थर ५० मायक्रॉन असेल, तर पडद्यावरची संहती आतल्या पाण्याच्या सुमारे १.३ पट होते. थर २०० मायक्रॉन झाला की तीच तिप्पट होते. थर चौपट झाला एवढेच, पण परिणाम घातांकाने वाढतो. मग चुन्याचे, जिप्समचे खडे पडद्यावर बसतात आणि मेकॅनिक येऊन सांगतो की मेम्ब्रेन चोक झाली. मेम्ब्रेनच्या गुंडाळीत थरांमध्ये जी प्लॅस्टिकची जाळी असते ती पाण्याला भोवरे द्यायला, थर मोडायला असते. आणि जे रिजेक्ट पाणी मोरीत जाते त्याचेही मुख्य काम तेच, साचलेले क्षार वाहून नेणे. चार लिटरांतले एक लिटर घेतले तर उरलेल्या पाण्यातले क्षार १.३३ पट होतात. तीन लिटर घेतले तर चौपट. रिजेक्टची तोटी आवळून पाणी वाचवणारा माणूस मेम्ब्रेन मारतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: या घराला आरओची गरज आहे का? भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याहून कमी क्षारांच्या पाण्याला आरओ नको असेच सांगितले. फ्लोराइड जास्त असलेल्या विंधन विहिरीला तो हवा. ज्या विहिरीचे पाणी नुसते गढूळ आहे तिला साधी गाळणी आणि जंतुनाशन पुरते. पाण्याची तपासणी न करता आरओ विकणे आणि घेणे, दोन्ही चूक.

धानाच्या बांधीत हाच विषय नव्या रूपात भेटतो. मुळाच्या पृष्ठभागावरही पटलच असते आणि त्याच्याभोवती मातीतले पाणी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे बार्बर यांनी १९६२ मध्ये दाखवले की अन्नद्रव्ये मुळाशी मुख्यतः दोन वाटांनी येतात. पीक पाणी ओढते त्याबरोबर नायट्रेटसारखी वाहत येतात. स्फुरदासारखी मातीला चिकटणारी मात्र विसरणाने, मिलिमीटर-मिलिमीटर सरकत. मुळाभोवती स्फुरदाची तूट असलेला पातळ पट्टा तयार होतो आणि पुढचे अन्न मिळवायला मुळालाच पुढे वाढावे लागते.

डॉ. ना. कृ. सावंत यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या चारसूत्री भातलागवडीतले चौथे सूत्र याच समजुतीवर उभे आहे. युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. युरिया फेकून दिला तर तो बांधीतल्या उभ्या पाण्यात विरघळतो. त्या पाण्यात वारा, ऊन आणि घनतेतले फरक सतत उलथापालथ करतात, अमोनिया हवेत उडतो, उरलेला पाटाने वाहून जातो. चिखलात मात्र अभिसरणाला जागाच नसते, मातीच्या कणांचे घर्षण त्याला उठू देत नाही. तिथे फक्त विसरण, तेही मातीने धरून ठेवलेल्या अमोनियमचे. दहा सेंटिमीटर अंतराला मोकळ्या पाण्यातच पाच-सहा आठवडे लागतात, चिखलात त्याहून अधिक. पिकाची गरजही तितक्याच काळात पसरलेली असते. आरओत ज्या स्थिरतेशी लढायचे, तीच इथे कामाला लावायची. माझ्या मते पडद्यालगतच्या थराचा शेतीतला इतका चपखल वापर दुसरा नाही, आणि मजुरीचे कारण सांगून तो मागे पडू देणे परवडणारे नाही.

एका मोठ्या अपयशाचा उल्लेखही व्हायला हवा. नदी समुद्राला मिळते तिथे गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या फरकातून परासरणाच्या दाबाने वीज काढण्याची रीत लोब यांनीच १९७० च्या दशकात मांडली. नॉर्वेत टोफ्टे येथे स्टॅटक्राफ्ट कंपनीने २००९ मध्ये तसे छोटे केंद्र उभारले आणि काही वर्षांत बंद केले. दर चौरस मीटर पडद्यामागे ५ वॉट हवे होते, हाती आले सुमारे १. पडद्याला आधार देणाऱ्या जाड, सच्छिद्र अस्तरात मीठ अडकून राहते आणि बाहेर कितीही ढवळले तरी तिथे पोहोचता येत नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण. आजचे पडदा-संशोधन बऱ्याच अंशी या अस्तराला पातळ आणि मोकळे करण्यात गुंतलेले आहे.

इतके सारे असूनही आपल्या वर्गात परासरण म्हणजे पाण्यात फुगणारा मनुका आणि बटाट्याचा ऑस्मोमीटर, एवढेच. हे प्रयोग वाईट नाहीत, पण त्यांत मुलाला पडदा दिसतो, पाणी दिसत नाही. कोंढ्यासारख्या गावातल्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे की एक प्रयोग जोडून करा. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे, दोन एंड कॅप आणि एक युनियन घ्या. युनियनच्या वॉशरमध्ये डायलिसिस ट्यूबिंगचा एक तुकडा ताणून बसवा. साधे प्लॅस्टिक चालणार नाही, सेल्युलोजचाच पडदा हवा. एका बाजूला १ टक्का मिठाचे पाणी, दुसऱ्या बाजूला गोडे पाणी, दोन्ही काठोकाठ भरा. नळी खारे पाणी वर ठेवून अर्धा तास उभी करा. मग गोड्या बाजूचे पाणी नीट ढवळून आरओवाल्यांकडे असतो त्या टीडीएस मीटरने मोजा. पाणी बदलून तोच प्रयोग खारे पाणी खाली ठेवून करा. पडदा तोच, मीठ तेवढेच, वेळ तेवढाच. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहा आणि फरक का पडला, हे आधी मुलांना सांगू द्या.